निवासी शाळेच्या दिवंगत माजी विद्यार्थ्यांची स्मृतिपुस्तिका काढताना कोणाविषयी आणि काय लिहावे?

आपल्या निवासी शाळेचा माजी विद्यार्थी संघ दिवंगत विद्यार्थ्यांची स्मृतिपुस्तिका काढणार आहे. ज्यांनी नाव कमावले त्यांच्याविषयी ढीगभर मजकूर जमला आहे आणि इतरांविषयी जवळजवळ काहीच हाती नाही, अशी आपली अडचण आहे. मी माझ्या शाळेच्या वार्षिकांकातील स्मृतिविभागाचे संपादन बरीच वर्षे करत आलो आहे, त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

माणसाची पदे, पुरस्कार आणि हुद्दे यांची नोंद कोठे ना कोठे झालेली असते, आणि घरची माणसे त्याला पती, वडील किंवा आजोबा म्हणून ओळखत असतात. दहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत तो कसा होता, हे मात्र त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मुलालाच ठाऊक असते. आई-वडिलांनाही ते पुरते ठाऊक नसते, कारण ते त्याला सुटीपुरतेच पाहत असत. म्हणून पुस्तिकेने जे दुसरे कोणीही लिहू शकणार नाही तेच लिहावे, असे माझे ठाम मत आहे. हा निकष लावला की नामवंत आणि अनामिक हा भेद बराचसा आपोआप गळून पडतो, कारण न्यायाधीश झालेला मुलगा आणि गोदामात कारकुनी केलेला मुलगा हे दोघे वसतिगृहाच्या एकाच नळावर रांगेत उभे राहिलेले असतात.

कामाची सुरुवात मात्र आठवणींपासून न करता नावांपासून करावी. शाळेचे जनरल रजिस्टर, वसतिगृहाचा हजेरीपट आणि रजेची नोंदवही मागवून घ्यावी व त्यांवरून वर्षवार यादी तयार करावी. माजी विद्यार्थी संघाच्या याद्या बहुधा शेवटच्या इयत्तेच्या बॅचवरून केलेल्या असतात. त्यामुळे मध्येच शाळा सोडून गेलेली, काढून टाकलेली किंवा शाळेत असतानाच वारलेली मुले त्यांत सापडतच नाहीत. माझ्या मते स्मृतिपुस्तिकेवर पहिला हक्क याच मुलांचा आहे.

नावे वेळेवर नोंदवली नाहीत तर काय होते, याचे सर्वांत कठोर उदाहरण कॅनडातील आहे. तेथे सरकार आणि चर्च यांनी चालवलेल्या निवासी शाळांत शतकाहून अधिक काळ आदिवासी मुलांना कुटुंबांपासून तोडून ठेवण्यात आले. अशा मुलांची संख्या सुमारे १,५०,००० मानली जाते. २००८ मध्ये नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाने ६,५०० हून अधिक जणांचे म्हणणे ऐकून घेतले आणि उपलब्ध कागदपत्रांतून सुमारे ३,२०० मृत्यू शोधून काढले. त्यांपैकी जवळपास एकतृतीयांश मृत्यूंच्या बाबतीत मुलाचे नावच लिहून ठेवलेले नव्हते. पुढे ३० सप्टेंबर २०१९ रोजी २,८०० मुलांची नावे असलेले, ५० मीटर लांबीचे लाल कापड जाहीरपणे उलगडण्यात आले. आपली शाळा तशी नव्हती हे उघड आहे. परंतु नोंदवहीतला एक रकाना कोरा राहिला म्हणजे पुढच्या पिढीला केवढा शोध घ्यावा लागतो, हे त्यावरून कळते.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १८७९ ते १९१८ या काळात चाललेल्या कार्लाइल शाळेने, जिचा हेतूही मूळ अमेरिकन मुलांची ओळख पुसण्याचाच होता, शाळा सोडून गेलेल्यांना प्रश्नावल्या पाठवून त्यांचे काम, घर आणि कुटुंब यांविषयी माहिती मागवली होती. शाळेला त्यातून स्वतःचे यश दाखवायचे होते. तरीही त्या फायली टिकल्या, त्यांचा मोठा भाग आता संगणकीय स्वरूपात खुला झाला आहे, आणि वंशजांना आपल्या पूर्वजांची अक्षरे त्यांत सापडतात. हयात माजी विद्यार्थ्यांना आपणही आताच एक प्रश्नावली पाठवावी. ज्याचे त्याने लिहिलेले दोन परिच्छेद नंतरच्या दहा श्रद्धांजल्यांपेक्षा मोलाचे ठरतात.

आठवणी गोळा करताना ‘तो कसा होता?’ असे कधीही विचारू नये. ‘मनमिळाऊ होता, सर्वांना मदत करायचा’ हे उत्तर ठरलेले आहे आणि ते कोणत्याही नावापुढे चिकटवता येते. त्याऐवजी त्याची खाट कोणत्या भिंतीला होती, घरून खाऊ आला की तो काय करी, पत्र आले की ते कोठे बसून वाची, दिवे मालवल्यावर कोणाशी बोलत बसे, धोब्याकडे जाणाऱ्या कपड्यांवर त्याचा क्रमांक कोणता होता, असे विचारावे. हा क्रमांक लोक म्हातारपणीही विसरत नाहीत, आणि क्रमांक आठवला की त्यामागून पुष्कळ काही येते. आमच्या एका सहाध्यायाविषयी बराच काळ एक ओळही मिळत नव्हती. अखेर खाटेच्या प्रश्नावरून एकाला आठवले की, पहाटेची घंटा देण्याचे काम त्याच्याकडे होते आणि थंडीच्या दिवसांत घंटा देण्यापूर्वी तो पहिल्या वर्षाच्या मुलांना हाताने हलवून जागे करी, कारण घंटेने दचकून उठलेली मुले रडत बसत. त्याच्या मुलांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

समूहछायाचित्रांचा उपयोगही असाच करून घ्यावा. छायाचित्राची प्रत काढून प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्यावा आणि ती दोन-तीन जणांना वेगवेगळी दाखवावी. एकत्र बसवले की सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाची स्मृती ग्राह्य धरली जाते. मूळ प्रतीच्या मागे काही लिहायचे झाल्यास मऊ पेन्सिलने लिहावे, कारण बॉलपेनची शाई आणि दाब दोन्ही पुढच्या बाजूला उमटतात.

शब्दमर्यादा सर्वांना एकच ठेवावी, आणि ती मंत्र्यालाही लागू असावी. ज्यांच्याविषयी एकच वाक्य मिळाले त्यांचे एकच वाक्य छापावे. पोकळ विशेषणांनी जागा भरू नये. मृत्यूची खात्री कुटुंबीयांकडूनच करून घ्यावी, केवळ वॉट्सअ‍ॅपवरील निरोपावर नाव घालू नये. मृत्यूचे कारण कुटुंबाने सांगितले आणि छापण्यास संमती दिली तरच छापावे.

अवघड भाग छळाचा आहे. वसतिगृह म्हटले की मारहाण, चेष्टा आणि एखाद्याला वाळीत टाकणे हे आलेच, आणि गेलेल्यांमध्ये सोसणारे असतात तसे करणारेही असतात. मृत व्यक्तीवर तिच्या नोंदीत आरोप छापू नयेत, कारण उत्तर द्यायला ती नसते. तथापि ‘सर्वांचा लाडका’ असे खोटे प्रशस्तिपत्रही देऊ नये, कारण ज्याने सोसले तो ती ओळ वाचणार आहे. पुस्तिकेच्या आरंभी वसतिगृहातील जीवनावर एक स्वतंत्र लेख घ्यावा आणि त्यात या गोष्टी नावे न घेता, परंतु आडपडदा न ठेवता मांडाव्यात. संघातील काही ज्येष्ठांचा याला विरोध होईल. मी तरी त्या बाबतीत माघार घेऊ नये असेच सुचवेन.

पुस्तिका छापून झाल्यावर पत्रे, ध्वनिमुद्रणे आणि भरून आलेल्या प्रश्नावल्या एखाद्या पदाधिकाऱ्याच्या कपाटात राहू देऊ नयेत, कारण कार्यकारिणी बदलली की त्या हमखास गहाळ होतात. एक संच शाळेच्या ग्रंथालयात आणि दुसरा शाळेबाहेरच्या एखाद्या अभिलेखागारात द्यावा, आणि कोणता मजकूर किती वर्षांनी खुला करायचा याची लेखी संमती प्रत्येक आठवण सांगणाऱ्याकडून त्याच वेळी घेऊन ठेवावी.