आयव्हीएफच्या आधी घरातलं कोणतं प्लास्टिक हलवायचं?

तुमचा प्रश्न: आयव्हीएफ तीन महिन्यांवर आलंय, प्लास्टिकमुळे स्त्रीबीजं कमी मिळतात हे खरं का, आणि घरातले सगळे डबे फेकायचे का?

सगळे नकोत. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये २००४ साली सुरू झालेल्या 'अर्थ' (EARTH) नावाच्या अभ्यासात उपचार घेणाऱ्या बायकांच्या लघवीतली रसायनं मोजली. डीईएचपी (पीव्हीसी प्लास्टिक मऊ करणारं, थॅलेट कुळातलं रसायन) ज्यांच्यात जास्त, त्यांची बीजं कमी निघाली आणि मूल होण्याचं प्रमाणही कमी दिसलं. बीपीएचं (पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकमधलं आणि टिनच्या आतल्या लेपातलं रसायन) चित्र घोळाचं आहे: सुरुवातीच्या छोट्या गटात बीजं कमी दिसली, पुढे गट मोठा झाल्यावर तो संबंध दिसेना. आणि हा संबंधच आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. एखादी सायकल (उपचाराची फेरी) फसली तर त्याचं खापर टिफिनवर फोडू नका.

तीन महिने आहेत हे बरं. बीज पिकण्याचा शेवटचा टप्पा साधारण तेवढाच असतो. ही दोन्ही रसायनं बहुतांशी दिवसभरात लघवीवाटे निघून जातात, पण रोज नव्यानं येतात. म्हणून त्यांची रोज येण्याची वाटच बंद करायची.

सुरुवात गरम आणि तेलकट पदार्थांपासून करा, कारण डीईएचपी तेलात विरघळतं आणि उष्णतेनं दोन्ही जास्त सुटतात. हॉटेलचं गरम सांबार किंवा तर्री प्लास्टिकच्या पिशवीत घेऊ नका, घरून स्टीलचा डबा न्या. मायक्रोवेव्हमध्ये फक्त काच. डब्याचं झाकण प्लास्टिकचं असेल तर भाजी निवल्यावर लावा. लोणचं-तूप काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत. कोरडी डाळ प्लास्टिकच्या डब्यात आहे? राहू द्या. पाण्याच्या २० लिटरच्या जारखाली 'पीसी' असेल तर तो पॉलिकार्बोनेट; नुसता ७ आकडा असेल तर तो पॉलिकार्बोनेट असू शकतो. उन्हात ठेवलेला घेऊ नका. 'बीपीए-फ्री' म्हणून नवे डबे आणण्यात अर्थ नाही. त्यांतल्या काहींत बीपीएस असू शकतं, त्याच कुळातलं.

हे केल्यानं फरक पडतो का? सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांना तीन दिवस ताजं, पॅकिंगशिवायचं जेवण दिलं, तर लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी उतरलं (२०११). पण सिएटलमध्ये असाच प्रयोग उलटला: डीईएचपी चक्क वाढलं. तपासल्यावर ते सापडलं धने पुडीत आणि दुधात! म्हणून धने-जिरे अख्खे आणून मिक्सरच्या स्टीलच्या भांड्यात दळलेले बरे.

स्वयंपाकघराबाहेर दोनच गोष्टी. परफ्यूम, डिओ आणि सुवासिक लोशन हे थॅलेटचं मोठं दार आहे; लेबलवर नुसतं 'फ्रॅग्रन्स' लिहिलेलं टाळा. दुकानातलं गुळगुळीत बिल बहुधा थर्मल कागदाचं असतं, त्यावर बीपीए किंवा बीपीएसचा थर असतो. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातानं ते धरलं तर त्वचेतून कितीतरी जास्त आत जातं. एसएमएसवर बिल मागा.

औषधं मात्र स्वतःहून बंद करू नका. काही गोळ्यांच्या लेपात थॅलेट असतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. फॉलिक ॲसिड चालू ठेवा. बीजं काढताना लावलेल्या सलाईनच्या नळीत डीईएचपी असू शकतं, पण तो एका दिवसाचा मामला आहे, नळी नाकारू नका.

आणि लघवीतल्या बीपीएच्या तपासणीवर पैसे घालवू नका. सकाळी टिनमधलं काही खाल्लं तर आकडा वर, दुसऱ्या दिवशी खाली. एका नमुन्यावरून डॉक्टरही काही ठरवू शकत नाहीत.