लिफ्ट केलेल्या फोर्ड एफ-250 चे स्टिअरिंग पुलाच्या जोडावरून जाताना भयंकर हादरते. डॅम्पर बदलूनही त्रास परत आला. नेमके काय दुरुस्त करावे?

आपण दिलेली माहिती अशी आहे : 2008 चा फोर-व्हील-ड्राइव्ह एफ-250, पुढे चार इंचांची लिफ्ट (म्हणजे चेसिस एक्सलपासून तेवढी वर उचललेली), 35 इंची टायर. ताशी 55 मैलांच्या आसपास एखाद्या पुलाच्या जोडावरून चाक गेले की स्टिअरिंग हातातून निसटेल इतक्या जोराने डावी-उजवीकडे आपटू लागते आणि वेग बराच कमी केल्याशिवाय थांबत नाही. एरवीही गाडी सरळ रस्त्यावर भरकटते आणि स्टिअरिंग किंचित वाकडे राहते. गॅरेजवाल्याने स्टिअरिंग डॅम्पर बदलला, महिनाभर आराम पडला आणि मग सगळे पूर्वीसारखे झाले.

हा ‘आराम’ फसवा होता. एफ-250 ज्यात मोडतो त्या फोर्डच्या सुपर ड्यूटी मालिकेतल्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकांना 2005 पासून पुढे अखंड एक्सल, कॉइल स्प्रिंग, दोन रेडियस आर्म (एक्सलला पुढे-मागे सरकू न देणारे दांडे) आणि एक ट्रॅक बार (एक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) अशी रचना आहे. अशा एक्सलवरची दोन्ही चाके टाय रॉडने एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्याकडे जातो, तिथून परत येतो, आणि वाटेतल्या एखाद्या सांध्यात ढिलाई असेल तर ही ये-जा विरण्याऐवजी वाढत जाते. अमेरिकेत याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या जीपा चालवलेल्यांना ‘वॉबलिंग’ या नावाने तो चांगला ठाऊक असेल. डॅम्पर म्हणजे आडवा बसवलेला शॉकॲब्सॉर्बर. तो हादऱ्यातली ऊर्जा शोषतो, परंतु ढिलाई तशीच ठेवतो. म्हणून दुसरा, अधिक दणकट डॅम्पर किंवा डॅम्परची जोडी विकत घेऊ नका. निदान आत्ता तरी नको.

सर्वप्रथम ढिलाई शोधावी, आणि ती गाडी जॅकवर चढवून नव्हे, तर चारही चाके जमिनीवर असताना शोधावी. इंजिन सुरू ठेवून, गिअर पार्कमध्ये आणि हँडब्रेक लावून, एखाद्याला आत बसवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थोडे थोडे, पण झटक्याने फिरवायला सांगा. आपण बाजूने खाली वाकून एकेक सांधा पाहावा आणि बोटे जोडावर आडवी ठेवून चाचपावा : पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा आखूड दांडा), ड्रॅग लिंकची (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोके, टाय रॉड एंड, स्टिअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्रॅक बारची दोन्ही टोके. रबरी बुश (सांध्यात बसवलेली रबराची नळी) थोडी पिळली गेली तर चालते. बारचे टोक ब्रॅकेटच्या आत ‘टक्’ करून सरकत असेल तर चालत नाही. माझ्या पाहण्यातल्या अशा ट्रकांत दोष बहुधा इथेच निघाला आहे. लिफ्ट बसवताना ट्रॅक बारचा बोल्ट खोलला जातो, तो पुरेसा आवळला जात नाही आणि हळूहळू ब्रॅकेटमधले गोल भोक लांबट होते. एकदा भोक लांबट झाले की नवा बोल्ट कितीही घट्ट केला तरी उपयोग नाही. ब्रॅकेट बदलावा लागतो किंवा जाणकार वेल्डरकडून भोक पुन्हा मापात आणून घ्यावे लागते.

यानंतर एक्सल जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला तर हबचे बेअरिंग गेले आहे. तसाच राहिला तर बॉल जॉइंट (ज्यावर चाक वळते तो गोळ्याचा सांधा) गेला आहे. टायरखाली पहार घालून चाक उचलून पाहिल्यास बॉल जॉइंटची उभी ढिलाईही कळते. 35 इंची टायरच्या वजनाखाली हे जॉइंट लवकर झिजतात, हे लिफ्ट विकणारे सहसा सांगत नाहीत.

आता भूमितीकडे वळू, कारण भरकटणे आणि वाकडे स्टिअरिंग यांचे मूळ तिथे आहे. रेडियस आर्मचे मागचे टोक चेसिसला आणि पुढचे एक्सलला जोडलेले असते. चेसिस वर उचलली की आर्म तिरपा होतो आणि त्याच्याबरोबर एक्सलही फिरतो, त्यामुळे कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे कललेला कोन) घटतो. समजा आर्म तीन फूट लांब आहे. तर चार इंचांच्या उचलीने कोन सहा अंशांच्या आसपास बदलतो, आणि या वर्गातल्या ट्रकांचा मूळ कॅस्टरच साधारण 3 ते 5 अंशांचा असल्यामुळे शिल्लक काहीच उरत नाही. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येत नसेल तर कॅस्टर कमी पडला आहे, असे खुशाल धरा. वरच्या बॉल जॉइंटभोवतीची विकेंद्री बुश बदलून थोडासा फरक भरून काढता येतो. चार इंचांसाठी मात्र रेडियस आर्मचे ड्रॉप ब्रॅकेट (आर्मचे मागचे टोक खाली आणणारे) किंवा बदललेल्या मापाचे आर्म हाच खरा इलाज आहे. कॅस्टर हवा म्हणून तो वाटेल तितका वाढवू नये. अतिरेकी कॅस्टरही वॉबलला हातभार लावतो.

ट्रॅक बारची लांबी ठरलेली असल्यामुळे गाडी उचलली की तो अधिक उभा होतो आणि एक्सलला चालकाच्या बाजूला ओढतो. दोन्ही बाजूंना चेसिसपासून टायरपर्यंतचे आडवे अंतर मोजले की हे लगेच दिसते. लांबी बदलता येणारा ट्रॅक बार एक्सलला मध्यावर आणतो, पण बारचा कोन सुधारत नाही. आणि खरी मेख कोनातच आहे. ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंक समोरून पाहताना समांतर दिसले पाहिजेत. तसे नसेल तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना दोघे वेगवेगळ्या कमानीत फिरतात आणि आपण स्टिअरिंगला हात न लावताही चाके वळतात. आपल्या गाडीला कुणी नुसता ड्रॉप पिटमन आर्म (ड्रॅग लिंकचे टोक खाली आणणारा) बसवला असेल आणि ट्रॅक बारचा वरचा ब्रॅकेट मूळ जागीच असेल, तर हा दोष हमखास असणार. दोन्ही सारख्याच मापाने खाली आणावे. दोन इंचांच्या लिफ्टला मी नुसत्या ॲडजस्टेबल बारवर समाधान मानेन, चार इंचांना नाही. वाकडे स्टिअरिंग सर्वांत शेवटी ड्रॅग लिंकची स्लीव्ह फिरवून सरळ करावे. टाय रॉडला त्यासाठी हात लावू नये, कारण त्याने टो (दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा आत किंवा बाहेर किती वळल्या आहेत ते माप) बिघडतो.

टायरचे बॅलन्सिंग आणि हवा तपासाच. पुढची चाके मागे टाकून पाहणे ही फुकटातली चाचणी आहे; हादरा सुरू होण्याचा वेग बदलला तर टायरही गुन्ह्यात सामील आहे.

बोल्ट आवळताना एक पथ्य पाळा. बुश असलेले सर्व सांधे गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळावेत. हवेत आवळलेली बुश गाडी खाली येताच पिळली जाते आणि लवकर फाटते. त्यानंतरच अलाइनमेंट करा, टो-इन साधारण 1/16 ते 1/8 इंच ठेवून घ्या आणि कॅस्टरच्या आकड्यांसह छापील कागद मागा. सुमारे 500 मैलांनंतर सगळे बोल्ट, मागचा भाग उंच करायला एक्सल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये ब्लॉक घातले असतील तर यू-बोल्टसुद्धा, पुन्हा एकदा तपासा. मागे एकावर एक रचलेले ब्लॉक आढळले तर ते वॉबल थांबेपर्यंतही ठेवू नका, आधी काढा.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी महामार्गावर नेऊ नये हे उत्तम. नाइलाजाने नेली आणि हादरा सुरू झाला, तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक अगदी हलका लावा आणि गाडी हळूहळू कडेला घ्या.