तुकडा, सीटी, एमआरआय की थेट पेट स्कॅन? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवर लिहिलं, त्यानंतर पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडून प्रश्न आले. गंमत म्हणजे उपचारांबद्दल फार कमी आणि तपासण्यांबद्दलच जास्त. बरंच झालं, कारण पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात ते बहुतेक इथेच. कुणाचंही नाव छापत नाहीये, फक्त गावं देतोय.

प्रश्न (बार्शी): मिस्टरांना माव्याची सवय आहे. गालाला आतून जखम झालीय, दीड महिना झाला भरत नाहीये. दाताच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलंय, पण सासूबाई म्हणतात शस्त्र लागलं की कॅन्सर पसरतो. आधी एमआरआय करून बघितला तर चालेल का? त्यात नाही आला तर तुकडा कशाला काढायचा?

उत्तर: ताई, आधी सासूबाईंचं. तुकडा घेतल्यामुळे तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. होतं काय, लोक या भीतीपायी महिनोन्महिने मलम लावत बसतात आणि शेवटी नाइलाजाने बायोप्सी (म्हणजे हीच तुकड्याची तपासणी) करतात, तोवर तो मानेत गेलेलाच असतो आणि खापर फुटतं बायोप्सीवर. तीन आठवड्यांत न भरलेली जखम म्हणजे तपासायची, तुमच्याकडे तर दुप्पट वेळ झालाय. एखादा दात टोकदार असेल, तिथे घासत असेल तर डॉक्टर तो घासून गुळगुळीत करतील, पण त्या नावाखाली अजून महिना घालवू नका.

आता एमआरआय. मशीन कितीही भारी असू दे, "हा कॅन्सरच आहे" असं ते छातीठोकपणे सांगू शकत नाही. इथे काहीतरी आहे, एवढं मोठं आहे, हाडाला चिकटलंय किंवा नाही, हे ते सांगतं. कॅन्सर आहे की नाही ते पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली पेशी बघून ठरवतो. शिवाय लहान, वरवरची जखम एमआरआयमध्ये कित्येकदा दिसतच नाही, मग "नॉर्मल" रिपोर्ट खिशात घालून माणूस परत मावा चोळायला मोकळा.

तुकडा काढणं म्हणजे फार मोठं काही नाही, जागा बधिर करून जखमेच्या कडेचा छोटासा भाग घेतात, ओपीडीतच होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही आला पण जखम तशीच राहिली तर परत तुकडा घ्यावा लागतो, तेव्हा "पहिल्यांदा नव्हता ना" म्हणून वाद घालू नका, कधीकधी नेमका भाग पहिल्या वेळी हाताला लागत नाही. आणि नंतर स्कॅन कराल तेव्हा तिथे तुकड्याची तारीख सांगा, कारण सुजेमुळे जखम आहे त्यापेक्षा मोठी वाटू शकते.

प्रश्न (नागपूर): भावाला खर्ऱ्यामुळे गालाचा कॅन्सर निघाला, बायोप्सी झाली. एक डॉक्टर सीटी लिहून देतो, दुसरा एमआरआय, आणि ओळखीतला एकजण म्हणतो थेट पेट स्कॅन काढा, सगळं एकात येतं. नक्की काय करू? पैसे लिमिटेड आहेत.

उत्तर: दादा, "सगळं एकात येतं" हे ऐकायला छान आहे पण तसं नसतं. प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते, त्यामुळे आधी प्रश्न काय ते सर्जनला विचारा.

गालाचा आणि हिरडीचा कॅन्सर आपल्याकडे फार, कारण तंबाखू, खर्रा दाबून ठेवतात तो तिथेच. यात पहिला प्रश्न असतो जबड्याच्या हाडाचा, आणि हाडाचा वरचा थर कुरतडलाय का हे सीटीत चांगलं कळतं, काम काही मिनिटांत होतं आणि त्याच वेळी मान आणि छातीही बघून घेता येते. एक बारकावा सांगतो जो फार जण सांगत नाहीत. नेहमीच्या स्कॅनमध्ये गाल हिरडीला चिकटलेला असतो, त्यामुळे गाठ गालाची की हिरडीची तेच कळत नाही. पेशंटला गाल फुगवून धरायला सांगितलं की मधे हवा जाते आणि दोन्ही वेगळे दिसतात. भावाला तोंडात हवा धरता येत असेल तर सेंटरवर तेवढं आवर्जून विचारा. बिनपैशाची गोष्ट आहे, पण कित्येक ठिकाणी करतच नाहीत.

एमआरआय लागतो तो जिभेला, हाडाच्या आतला मगज बघायला, आणि कॅन्सर मज्जातंतूच्या (नर्व्हच्या) कडेने वर सरकलाय का ते बघायला. गालाचा कॅन्सर मागे चावायच्या स्नायूंमध्ये शिरला असेल तर तो किती वर गेलाय यावर ऑपरेशन करायचं की नाही हे ठरतं, अशा वेळी एमआरआयला नाही म्हणू नका. भावाचं तोंड नीट उघडत नसेल, दोन बोटंही जात नसतील, तर ते सर्जनला आणि रेडिओलॉजिस्टला दोघांनाही सांगा, कारण ते खर्ऱ्याने आलेल्या ताठरपणामुळे असू शकतं किंवा याच स्नायूंमुळे. एमआरआयला अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावं लागतं, आवाज भयंकर असतो, पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. दातांच्या धातूच्या कॅपमुळे दोन्ही स्कॅन खराब होतात. शिरेतून औषध देऊन काढायचा असेल तर क्रिएटिनिनचा (किडनी नीट काम करते का हे बघायच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मागतील.

राहिला पेट. यात किरणोत्सारी केलेली साखर शिरेतून देतात, कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात म्हणून त्या जागा चमकतात. पण साखर खाणाऱ्या त्या एकट्याच नाहीत, इन्फेक्शनही चमकतं आणि आपल्या देशात टीबीच्या गाठीही मस्त चमकतात. म्हणून एक ठिपका चमकला की "पसरला" असं घरच्या ग्रुपवर टाकू नका, उपचार बदलणार असतील तर त्या ठिपक्याचाही तुकडा घ्यावा लागतो. आजार बराच वाढलेला असेल, लांब कुठे गेल्याची शंका असेल, तर पेट जरूर करावं. लहान, लवकर सापडलेल्या गालाच्या कॅन्सरला बहुतेक वेळा गरज नसते. डायबेटिस असेल तर साखर आटोक्यात आणून, उपाशीपोटी जायचं, नाहीतर स्कॅन फुकट.

हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर स्कॅनचे पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, योजनेत काय बसतं ते तो सांगेल.

प्रश्न (सातारा): वडिलांच्या जिभेला छोटा कॅन्सर आहे. सोनोग्राफी आणि एमआरआय दोन्हीत मानेत काही नाही, तरी डॉक्टर मानेच्या गाठी काढायच्या म्हणतात. बिल वाढवायला तर नाही ना?

उत्तर: शंका येणं साहजिक आहे, पण इथे डॉक्टर बरोबर सांगतायत. "स्कॅनमध्ये मान क्लीन" याचा अर्थ दिसण्याइतकं मोठं काही नाही, एवढाच. मानेच्या गाठी म्हणजे इथे प्रत्येकाच्या मानेत असतात त्या लसिका ग्रंथी, त्यांच्यात मूठभर पेशी जाऊन बसल्या असतील तर त्या कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत. हाच वाद आपल्या मुंबईत टाटा हॉस्पिटलने मिटवला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाचा लवकरचा कॅन्सर आणि वरवर क्लीन मान असलेल्या पेशंटचे दोन गट केले, एका गटात मान लगेच साफ केली, म्हणजे या गाठी काढल्या, दुसऱ्यात गाठ दिसेल तेव्हा करू म्हणून वाट बघितली. २०१५ मध्ये निकाल छापला तो ५०० पेशंटचा होता: तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के लोक जिवंत, दुसऱ्यात ६७.५. हे वाचल्यावर "बघू नंतर" म्हणणं अवघड आहे. फक्त एवढं विचारा की जखम किती मिलिमीटर खोल आहे, कारण आता स्टेज ठरवताना लांबी-रुंदीबरोबर खोलीही धरतात.

प्रश्न (म्हापसा): मानेत गाठ आहे, दुखत नाही, वाढतेय. तोंडात काहीच नाही. गाठ पूर्ण काढूनच तपासायला पाठवू म्हणतात.

उत्तर: थांबा. आधी सुई टोचून तपासणी, शक्यतो सोनोग्राफीत बघून, आणि नाक-घसा दुर्बिणीने. मूळ जागा टॉन्सिल, जिभेचं मूळ, नाकामागे कुठेही लपलेली असू शकते. मान आधीच उघडली तर पुढचं मोठं ऑपरेशन अवघड होतं. सुईत कॅन्सर आला आणि मूळ सापडेना, तर पेटचा खरा उपयोग इथे होतो. सुईतून लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्याच कॅन्सरची) शंका आली तर मात्र गाठ काढावी लागते, ते वेगळं.

प्रश्न (पुणे): आईचे घशाचे लाईट आणि केमो संपून पाच आठवडे झाले. पेट काढलं तर मानेत चमकतंय असं लिहिलंय. घरात रडारड चालू आहे.

उत्तर: पाच आठवड्यांनी चमकणारच, रेडिएशनने आतून सगळं सुजलेलं असतं. म्हणून हे स्कॅन साधारण १२ आठवड्यांनी करतात. आईंना तपासून मानेत हाताला काही नवीन किंवा वाढणारं लागत नसेल तर बहुधा तोपर्यंत थांबून परत काढायला सांगतील. ब्रिटनमध्ये ५६४ पेशंटवर अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापला, त्यात १२ आठवड्यांचं पेट बघून ज्यांना गरज होती त्यांचीच मान उघडली तरी जगण्याचं प्रमाण सगळ्यांची मान उघडणाऱ्या गटापेक्षा कमी आलं नाही. म्हणजे योग्य वेळी काढलेला स्कॅन ऑपरेशन वाचवतो, आणि घाईत काढलेला झोप उडवतो.

प्रश्न (नाशिक): आजी पन्नास वर्षं मिश्री लावते. दरवर्षी सीटी करून घेऊ का?

उत्तर: अजिबात नको. टॉर्च पुरे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी नुसती तोंडं बघितली, तेवढ्यावर तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले, २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. आजींची कवळी असेल तर काढा, ओठ खाली ओढून हिरडी बघा, गाल आतून बघा, जीभ बाहेर काढायला लावून दोन्ही कडा बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, अचानक हलायला लागलेला दात, काहीही दिसलं तर दाताच्या डॉक्टरकडे न्या. मिश्री सोडायची त्यांची तयारी असेल तर सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६.