हेमिश : हाकेचे झालेले नाव

न्यूझीलंडचे क्रिकेटपटू हेमिश मार्शल आणि हेमिश रदरफर्ड यांच्यावरून एका वाचकाने विचारले आहे की, ‘हेमिश’ हे नाव मूळचे कुठले आणि ते ‘जेम्स’चेच रूप आहे असे सांगतात ते खरे मानावे का.

ते खरे आहे. मात्र त्याला ‘जेम्स’चा अपभ्रंश म्हणणे बरोबर नाही. मराठी बायबलमधला ‘याकोब’ लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून फिरत ‘जेम्स’ झाला आणि स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत त्याचे ‘शेमस’ झाले. गेलिकमध्ये हाक मारताना नावाच्या आरंभीचे व्यंजन मृदू होते आणि पुरुषाच्या नावाचा शेवटही बदलतो, त्यामुळे शेमसला हाक मारायची तर ‘अ हेमिश’ असे म्हणावे लागते. त्यातला ‘अ’ आपल्या ‘अरे’सारखा. म्हणजे ‘हेमिश’ हे शुद्ध संबोधन आहे. ‘पांडुरंगा, जेवायला ये रे’ ही हाक रोज ऐकणाऱ्या परभाषक शेजाऱ्याने मुलाचे नाव ‘पांडुरंगा’ असेच लिहून ठेवावे, तसे हे घडले. फरक इतकाच की, मराठीत नावाचा शेवट तेवढा बदलतो आणि गेलिकमध्ये आरंभही बदलतो, म्हणून तिथे मूळ नाव ओळखूसुद्धा येत नाही. ‘मारी’ या स्त्रीनामाच्या हाकेवरून ‘व्हारी’ हे स्वतंत्र नाव रूढ झाले, तेही याच वाटेने.

साहजिकच हे नाव म्हणून रूढ झाले ते इंग्रजी बोलणाऱ्यांत. १८२२ साली ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिनबरामध्ये, हायलँडचा म्हणजे तिथल्या डोंगराळ भागाचा पोशाख घालून मिरवला, पुढे राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाने त्याच भागातला बाल्मोरल हा वाडा घेतला, आणि एके काळी रानटी समजल्या गेलेल्या डोंगराळ प्रदेशाचे सुशिक्षितांना अप्रूप वाटू लागले. स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या १८२७ मधल्या एका कथेत हेमिश नावाचा डोंगराळ तरुण आहे. १८६८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकमध्ये जन्मलेले संगीतकार हेमिश मॅकन यांचे जन्मनाव जेम्स होते. त्या काळातल्या नव्या ओढीचा याहून बोलका पुरावा मला तरी ठाऊक नाही.

स्थलांतरितांबरोबर हे नाव दक्षिणेकडे गेले. न्यूझीलंडमधले डनीडिन शहर १८४८ साली स्कॉटिश वसाहत म्हणून वसले आणि त्याचे नावही एडिनबराच्या गेलिक नावावरूनच आले. त्याच शहरात रदरफर्डने २०१३ साली कसोटी पदार्पणात इंग्लंडविरुद्ध १७१ धावा काढल्या. मार्शल यांच्या घरची गोष्ट तर शब्दप्रेमी माणसाने जपून ठेवावी अशी आहे : हेमिशच्या जुळ्या भावाचे नाव जेम्स, आणि दोघेही न्यूझीलंडकडून कसोटी खेळले. व्युत्पत्तीने पाहिले तर एकाच घरात एकच नाव दोनदा ठेवले गेले होते.

खुद्द स्कॉटलंडमध्ये हे नाव आता स्कॉटिशपणाची खूणच झाले आहे, इतके की, २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या हायलँड वाइल्डलाइफ पार्कमध्ये जन्मलेल्या ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लालाही हेच नाव मिळाले. गेलिक भाषकांमध्ये मात्र नाव सांगायचे असेल तेव्हा ‘शेमस’च म्हणतात.

उच्चाराबद्दल एक सुचवावेसे वाटते. मराठीत ‘हॅमिश’ आणि ‘हामिश’ ही रूपे इंग्रजी अक्षरांवरून आली आहेत. मूळ हाकेत स्पष्ट दीर्घ ‘ए’ आहे, म्हणून ‘हेमिश’ असेच लिहावे.