रेस २८० मतांची होती, पत्रकं नंतर छापा

तुम्ही विचारलंय की तुम्ही चँडलरमधे राहता, एचवनबीवर आहात, बायको सिटिझन आहे, ॲरिझोनाच्या डेमोक्रॅट ॲटर्नी जनरल (राज्याच्या मुख्य सरकारी वकील) क्रिस मेझ २०२६ मधे परत निवडून याव्यात म्हणून मंडळात फंडरेझर करावा का, आणि स्वतः किती द्यावेत.

आधी पैशाचं बोलून टाकते. तुम्ही एक डॉलरही द्यायचा नाही. व्हिसावरच्या माणसाला इथे कुठल्याच निवडणुकीत पैसे देता येत नाहीत, अगदी गावच्या मेयरच्याही नाही, आणि "मी देतो, तुझ्या नावाने टाक" हे तर त्याहून वाईट. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. बायकोने स्वतःचे पैसे स्वतःच्या नावाने द्यावेत, आणि हो, कुणा मित्राच्या कंपनीचा चेक आणू नका, इथे उमेदवाराला तो घेताच येत नाही. मंडळाचं नावही नको, ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर प्रचार केला की टॅक्सची सवलत धोक्यात, शिवाय आपल्यात दोन्हीकडची माणसं आहेत, आरतीनंतर वाद कशाला. बायकोने घरी बोलवावं चार कुटुंबांना, खर्च तिचाच, पोहे-चहा पुरे. तुम्ही बिनपगारी व्हॉलंटियर म्हणून फोन करा, दारं वाजवा, ते चालतं.

आता मुद्द्याचं. २०२२ मधे सुमारे २५ लाख मतांत त्या आधी ५११ मतांनी पुढे होत्या, रीकाउंट झाल्यावर राहिली २८०. एवढी तर आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला माणसं असतात! आणि त्याच निवडणुकीत गव्हर्नरला जेवढी मतं पडली त्यापेक्षा ॲटर्नी जनरलला जवळजवळ ५० हजार कमी पडली, म्हणजे लोकांनी वरचा गोल भरला आणि खाली कंटाळून रकाना कोरा सोडला. म्हणून मी कुणाचं मन वळवायला जातच नाही, ते होत नाही माझ्याच्याने, मी फक्त सांगते की बाबा खालपर्यंत भर, पान उलट, मागेही आहे.

दुसरं म्हणजे सही. आमच्या ओळखीतले एक काका, नागरिक होऊन बरीच वर्षं झाली, रजिस्ट्रेशनला सही केली होती ती साधी इंग्रजीत, आणि पोस्टाच्या बॅलटच्या हिरव्या पाकिटावर केली ती बँकेत पुण्याला करायचे ती, मराठीत, खाली दोन रेघा मारलेली. जुळली नाही. इलेक्शन ऑफिसमधून फोन आला तर काका उचलेनात, अनोळखी नंबर म्हणजे स्कॅम असं पोरानेच शिकवलेलं. शेवटी सुनेने मेसेज ऐकला आणि मुदत संपायच्या आत दुरुस्त झालं, नाहीतर गेलं होतं मत. तर आजी-आजोबांना विचारा सही कुठली केली होती, आणि पाकिटावर फोन नंबर लिहायला लावा.

पण त्यांची पाकिटं तुम्ही गोळा करू नका हां. शेजारच्या काकूंचं बॅलट टाकून येतो म्हणणं आपल्याला साधी मदत वाटते, ॲरिझोनात तो फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा आहे, घरचे किंवा काळजी घेणारे सोडून कुणीही नाही, आणि २०२१ मधे सुप्रीम कोर्टाने तो कायदा उचलून धरलाय. काकूंना गाडीत घेऊन जा, टाकू त्यांना द्या.

दारात काय बोलायचं विचारलंत. भाड्याने राहणाऱ्यांना मेझ यांनी २०२४ मधे रिअलपेज कंपनीवर केलेली केस सांगते, सॉफ्टवेअरने भाडी वाढवल्याच्या आरोपाची. आपल्या लोकांना मात्र एकच सांगावं लागतं, जानेवारी २०२५ मधे व्हिसावरच्या आईवडिलांच्या इथे जन्मलेल्या मुलांचं नागरिकत्व नाकारणारा ट्रम्प यांचा आदेश निघाला आणि दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन, ओरेगन, इलिनॉयबरोबर मेझ यांच्यामार्फत ॲरिझोना त्याविरुद्ध कोर्टात गेलं. तुमच्यासारख्या घरात हे समजावून सांगायला लागत नाही. पण समोरचा रिपब्लिकन असेल तर हसून पुढचं दार, उन्हात उभं राहून वाद घालण्यात अर्थ नाही.

मतदान ३ नोव्हेंबरला, रजिस्ट्रेशन ५ ऑक्टोबरपर्यंत, बॅलट ७ ऑक्टोबरपासून पोस्टाने निघतात. ३ तारखेला संध्याकाळी ७ च्या आत पोचलं पाहिजे, पोस्टाचा शिक्का चालत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात पोस्टात टाकायचं नाही, बॅलटच्या ड्रॉप बॉक्समधे टाकायचं. बायकोला म्हणावं पोह्यांचा रविवार ४ ऑक्टोबरच धरा, कुणाचं रजिस्ट्रेशन राहिलं असेल तर तिथेच फोनवर करून टाका.