बॅग पोचणार नाही असं धरूनच बांध

भावा, तुझा प्रश्न वाचला. शिरोलीच्या फौंड्रीत तीन वर्षं काढून आता मास्टर्सला स्टुटगार्टला निघालायस. सप्टेंबरअखेर विमान आहे, तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा आहेत, आणि आई, आत्या, मावशी यांनी आणून ठेवलेलं सामान आत्ताच साठ किलोवर गेलंय. त्यातलं काय न्यावं, काय ठेवावं आणि कोल्हापुरातनंच मुंबईचं विमान धरावं का, हे विचारलंयस. मी आठ वर्षांमागं राजारामपुरीतनं असाच निघालो होतो, त्यामुळं सविस्तरच लिहितो.

आधी माझी फजिती ऐक. मी दोन बॅगा अगदी शिस्तीत भरल्या होत्या. एकात कपडे आणि अंथरूण-पांघरूण, दुसऱ्यात सगळं स्वयंपाकाचं. वाटेत एका विमानतळावर विमान बदलायचं होतं आणि मध्ये जेमतेम सव्वा तास. मी पळत पळत दुसऱ्या विमानात पोचलो, एक बॅग काही पोचली नाही. फ्रँकफुर्टला पट्ट्याजवळ उभा राहिलो. सगळ्यांच्या बॅगा गेल्या, माझी एक आली, मग पट्टाच थांबला. आलेली बॅग होती कुकर, चटणी, पोहे आणि डाळीची. पहिल्या रात्री खोलीवर वरण-भाताच्या शिट्ट्या झाल्या, पण आंघोळ करून अंग पुसायला टॉवेल नव्हता. बाहेर थंडी, आणि अंगावर मुंबईच्या उकाड्यात घातलेला पातळ टी-शर्ट. शेजारच्या खोलीतल्या पोरानं जाकीट दिलं म्हणून निभावलं. कपड्यांची बॅग पाचव्या दिवशी दारात आली.

तेव्हापासनं माझा एकच नियम आहे. चेक-इनची बॅग आपल्याबरोबर उतरणार नाही असं धरून सामान बांधायचं. काय कुठं ठेवायचं, याची निम्मी उत्तरं त्यातच मिळतात.

कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे टाक. स्वयंपाकाचंही तसंच. पाठीवरच्या सॅकमध्ये दोन दिवसांचे कपडे, एक स्वेटर, टॉवेल, दाढी-ब्रशचं सामान. मूळ मार्कशीटा, डिग्री, एपीएसचं (आपली डिग्री खरी आहे हे तपासल्याचं) प्रमाणपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे ठेवलेल्या खात्याचे) कागद, विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि खोलीचा करार हे सगळं सॅकमध्येच राहणार. आईनं कितीही सांगितलं की मोठ्या बॅगेत तळाला सुरक्षित राहतंय, तरी ऐकायचं नाही. औषधंही जवळ ठेव, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. जर्मनीत स्वतःपुरती साधारण तीन महिन्यांची औषधं नेता येतात. चष्मा असेल तर दोन जादा करून घे. तिकडं चष्म्याचा खर्च बघून डोळे पांढरे होतात.

आता वजन. तिकीट नीट वाच. काही कंपन्या बॅगा मोजतात, म्हणजे २३ किलोच्या दोन. काही नुसतं वजन मोजतात, समजा तीस किलो मिळून, मग बॅगा किती का असेनात. तुझं तिकीट बॅगा मोजणारं आहे. म्हणजे एक बॅग १९ किलोची आणि दुसरी २७ ची असली, तर बेरीज ४६ च होते हा हिशोब काउंटरवर चालत नाही. जादा वजनाचे पैसे त्या २७ किलोवाल्या बॅगेवर लागतात. एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर पैसे भरूनही बहुतेक कंपन्या घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीची मर्यादा तेवढी धरलेली आहे. मापही बघ. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर, चाकं आणि दांडी धरून. दुकानात '२८ इंची' म्हणून मिळणाऱ्या बॅगा चाकांसकट त्या मापाच्या काठावर असतात, म्हणून घेतानाच टेप लावून बघ. बॅगेचं स्वतःचं वजनही विचार. घरात व्हीआयपीची जुनी टणक सूटकेस असेल तर ती रिकामीच पाच-सहा किलो भरायची, म्हणजे पावशेराच्या हिशोबानं बसवलेलं सामान तिथंच संपलं.

घरी वजन करायला हुकाचा डिजिटल काटा मिळतो, काही शे रुपयांचा. माझ्या वडिलांचा त्यावर विश्वास नव्हता. ते दोन्ही बॅगा मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत्याकडं घेऊन गेले आणि ढेपेच्या काट्यावर ठेवल्या. त्यातली एक भरली २२ किलो ८००. मुंबईत काउंटरवर तीच भरली २३ किलो ४००. काट्या-काट्यात एवढा फरक पडतो, तेव्हा घरी २२ वर थांब. जादा बॅग लागणारच असेल तर आधी ऑनलाइन घे, काउंटरवर तीच महाग पडते. आणि विद्यार्थ्यांसाठी जादा सामानाचं वेगळं भाडं बऱ्याच कंपन्या ठेवतात. तुझं तिकीट साध्या भाड्यात काढलं असेल तर एजंटाला विचारून बघ.

उजळाईवाडीच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूर विमानतळावरच्या विमानाबद्दल. ते घरापासनं अर्ध्या तासावर आहे हे मला मान्य आहे, मलाही मोह होतो. पण देशातल्या विमानात सामान १५ किलो. कोल्हापूर-मुंबई आणि मुंबई-जर्मनी ही दोन वेगळी तिकिटं असली, तर पहिल्या विमानाला तुझ्या ४६ किलोशी काही देणंघेणं नाही. वरच्या ३१ किलोचे पैसे भर, मुंबईत बॅगा काढ, पुन्हा चेक-इन कर, आणि पहिलं विमान उशिरा गेलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नाही. दोन्ही एकाच तिकिटावर मिळालं तरच विचार कर.

नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेस आहे. संध्याकाळी कोल्हापुरातनं निघून सकाळी सीएसएमटी, तिथनं टॅक्सीनं विमानतळ. मोठी बॅग बर्थखाली मावेलच असं नाही, हे लक्षात ठेव. घरचे सोडायला येणार असतील तर मोठी गाडी कर, पण हायवेवर कागलपासनं साताऱ्यापर्यंत रुंदीकरणाची रडकथा चालू आहे आणि वर खंबाटकीचा बोगदा. दुपारच्या वेळेला भरवसा ठेवू नकोस. रात्री विमान असेल तर पहाटेच नीघ. मुंबईत दोन तास लवकर पोचलास तर चहा पिशील, दोन तास उशिरा पोचलास तर तिकीट गेलं.

आता खरा प्रश्न, म्हणजे खाण्याचा.

चटणी न्यायचीच. (कोल्हापूरबाहेरचे कुणी वाचत असतील तर, आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला.) डंकावर कुटून आणलेली दोन किलो वर्षभर पुरते. तिकडच्या दुकानात मिळणाऱ्या पाकिटात तिखट असतं, चव नसते. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या जाड पिशव्या करून सील मारून घे. महाद्वार रोडला करून देतात. प्रत्येक पिशवी पुन्हा दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्ही बॅगांत वाटून.

पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नकोस. भारतातल्या विमानतळांवर ते चेक-इनच्या बॅगेतनं काढून ठेवतात. ऐकून हसू येतं, पण कारण खरं आहे. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर. दमट हवेत साठा पडून राहिला की तो आतल्या आत तापतो आणि पेटूही शकतो. म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत खोबरं आपोआप पेटणाऱ्या पदार्थांच्या वर्गात आहे. गंमत म्हणजे युरोपात ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, पण नारळ, केळी, अननस, खजूर यांना त्यातनं सूट आहे. म्हणजे जर्मनीला नारळ चालतोय आणि विमानाला खोबरं चालत नाही. कढीपत्त्याला मात्र सूट नाही, त्याच्या ताज्या डहाळ्या घरीच राहू देत.

आईचं साजूक तूप आणि पेढे राहिले. इथं तुला वाईट वाटणार. युरोपियन युनियनबाहेरनं येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, मटणाचं लोणचं, सगळं त्यात आलं. 'कोण बघतंय' म्हणणारे भेटतील. माझ्यासमोर कस्टमवाल्यांनी एका काकूंची अख्खी बॅग उघडून बर्फीचे डबे पिंपात टाकले होते. काकूंचा चेहरा अजून आठवतो. आंब्याचं, लिंबाचं लोणचं चालतं, पण ते मोठ्या बॅगेतच. हातातल्या सामानात द्रव आणि ओलसर गोष्टींना १०० मिलीची मर्यादा आहे आणि खरडा-लोणचं त्यात धरतात. काचेची बरणी नको. दुसऱ्या खेपेला माझ्या बरणीचं झाकण सैल झालं, आणि मुलाखतीसाठी इस्त्री करून ठेवलेल्या शर्टावर कैरीच्या लोणच्याचं तेल.

गूळ घेणार असशील तर किलोची एक छोटी ढेप घे, जास्त नको. तो दगडासारखा जड आणि दाट, एक्स-रेत गडद गोळा दिसतो, मग बॅग उघडून बघतात. तांदूळ, डाळ, पोहे पहिल्या आठवड्यापुरते. स्टुटगार्टला भारतीय दुकानं आहेत.

कुकर ने, तीन लिटरचा, पण स्टीलचा. वसतिगृहात कुठं इंडक्शन असतं, कुठं साधी काचेची शेगडी, आणि साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. दोन जादा रबर आणि एक शिट्टी घे. कुकर रिकामा भरू नकोस, आत मोजे-बनियन कोंब.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत अजिबात नाही, सॅकमध्येच. मर्यादा १०० वॅट-अवर. तुझी २०,००० एमएएचची असेल तर ती ७४ भरते, चालून जाईल. सुट्या बॅटऱ्यांनाही हाच नियम.

कोल्हापुरी चप्पल एक जोड घे, चप्पल लाईनमधनं, उन्हाळ्यासाठी. मी घातली तेव्हा ग्रंथालयात तिच्या कर्र कर्र आवाजानं सगळ्यांच्या माना वळल्या होत्या. जाड जाकीट मात्र इथनं नेऊ नकोस. आपल्याकडचं तिकडच्या जानेवारीला पुरत नाही आणि तीन किलो खातं. थर्मल दोन जोड बस.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. फ्रँकफुर्टला उतरल्यावर स्टुटगार्टची गाडी धरायची आहे. तिथं हमाल नाही. दोन मोठ्या बॅगा आणि सॅक घेऊन तुलाच गाडीत चढायचंय, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर असली तर लिफ्ट असेलच असं नाही. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही बॅगा घेऊन घराचे जिने एकदा चढून बघ. मग आत्याचा पितळी तांब्या आपोआप बाहेर येतो.

बॅग आलीच नाही तर काय, तेही सांगतो. काउंटरवर बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवर शेवटचं ठिकाण एफआरए (फ्रँकफुर्टचा कोड) आहे का, ते वाचून बघ. तिची पावती बोर्डिंग पासमागं चिकटवून देतात. मी ती जवळजवळ विमानातच टाकून आलो होतो. जुन्या प्रवासाच्या चिठ्ठ्या बॅगेवरनं सोलून काढ. आतल्या बाजूला नाव, जर्मनीतला पत्ता आणि फोन लिहिलेला कागद ठेव. बंद करण्याआधी बॅग उघडी असताना एक फोटो आणि बाहेरनं एक. पट्ट्यावर बॅग दिसली नाही तर दाराबाहेर पडू नकोस, बाहेर गेलास की आत येता येत नाही. त्याच हॉलमध्ये हरवलेल्या सामानाचं काउंटर असतं. तिथं पीआयआर नावाची तक्रार नोंदवून नंबर घे. त्या दिवसांत लागणारे कपडे, टॉवेल, ब्रश विकत घे आणि पावत्या जपून ठेव. मला त्यातले बहुतेक पैसे दोन महिन्यांनी मिळाले, पण पावत्या होत्या म्हणून.

नुकसानभरपाई माँट्रियल कराराप्रमाणं, म्हणजे विमानप्रवासाच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणं ठरते. डिसेंबर २०२४ पासनं वरची मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास. ही मर्यादा आहे, हक्कानं मिळणारी रक्कम नव्हे. बॅग फुटून आली तर सात दिवसांत लेखी कळवावं लागतं. उशिरा आली तर हातात पडल्यापासनं २१ दिवसांत. म्हणूनच आजीचा साज, लॅपटॉप, रोख पैसे मोठ्या बॅगेत ठेवायचे नाहीत. साज मुळात नेऊच नकोस, कॉलेजला कुठं घालणार आहेस?

मध्ये विमान बदलायला किती वेळ आहे ते तू लिहिलं नाहीस. तेवढं कळव. दोन तासांच्या आत असेल तर सॅकमध्ये तिसऱ्या दिवसाचेही कपडे टाक. आणि आईला सांग, किसून ठेवलेलं खोबरं वाया जाणार नाही. ते भाजून चटणीतच कुटून घ्या, तशी चटणी मी दरवेळी आणली आहे.