जुने पितळ कसे पारखावे?

प्रश्न : चोर बाजारात जुनी पितळी भांडी पाहिली की मोह होतो, परंतु खरोखर जुने भांडे कोणते आणि मुद्दाम काळवंडवलेले नवे कोणते, हे कळत नाही. शिवाय अशा भांड्यात स्वयंपाक करावा का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर जाताना खिशात लहानसा लोहचुंबक ठेवावा, तो पितळेला चिकटत नाही, पितळी मुलामा दिलेल्या लोखंडाला मात्र चिकटतो. त्यानंतर भांडे उलटे करून पाहावे. वर्षानुवर्षे वापरलेल्या पातेल्याचा काठ आणि बूड घासून घासून गुळगुळीत झालेले असते, तर नव्यावर चढवलेला काळपटपणा बहुधा सगळीकडे सारखाच बसलेला दिसतो. हातोडीचे ठोके किंचित कमीजास्त पडलेले असतील, तर तो तांबटाच्या हाताचा गुण समजावा. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव आढळल्यास (आहेराच्या भांड्यांवर ते हमखास घालत असत) चार पैसे अधिक मोजण्यास हरकत नाही, असे आमचे मत आहे. घासाघीस मात्र अवश्य करावी.

स्वयंपाकासाठी वापरायचे असल्यास आधी आतून कल्हई करून घ्यावी, कारण चिंच, कोकम किंवा ताक घातलेले आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतात. कल्हईचे कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून असे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये. शुक्रवारी चोर बाजारातील बरीचशी दुकाने बंद असतात, तेव्हा अन्य वार निवडावा.